मशीनचे रोडगे

रजतला चांगलं झालेलं सोसत नसे. वाईट झालं की गडी खंबीर उभा राही. तो पिकअप गाडी भाड्याने चालवायचा. एकदा ऐन कापसाच्या हंगामात गाडीचं इंजिन बसलं, तेव्हा त्याने हूं की चूं केलं नाही. दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरकी केली, पोटाला चिमटा घेतला आणि इंजिन उभं केलं. इंजिन उभं राहिलं त्याच आठवड्यात त्याने अख्ख्या गावाला रोडगे खाऊ घातले. कशाबद्दल, तर इंजिन दुरुस्त झालं म्हणून! त्यात नव्या टायरांचे पैसे गेले. पुढे जुनं टायर फुटून गाडी सोयाबीनच्या पोत्यांसकट नालीत गेली, आणि त्यातून जीव वाचला म्हणून पुन्हा रोडगे झाले.

रोडगे म्हणजे साधं जेवण नव्हे. जाडसर कणकेचे थरावर थर देऊन वळलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि चुलीवर मोठा गंज भरून वरण. मारोतीच्या पारासमोर पंगत बसते. नवस फिटला की रोडगे, बोअरला पाणी लागलं की रोडगे, म्हैस व्याली की रोडगे. बाभुळगावच्या आसपास ही रीतच आहे, आणि रीतीत वाईट काही नाही. माणसाने अधूनमधून चार लोकांना जेवू घालावं. पण रजतच्या हातात चार पैसे खुळखुळले, की त्याचे डोळे शनिवार कधी येतो तिकडे लागायचे.

हा रोग बापाकडून आला होता. बबनरावांची पंगत म्हणजे एकेकाळी तालुक्यात बोलण्याचा विषय. धाकट्या पोरीच्या बारशाला त्यांनी बैलजोडी विकून तीन गावं जेवू घातली होती, आणि पुढच्या पेरणीला दुसऱ्याच्या बैलांसाठी दारोदार फिरले होते. पहिली अर्धी गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. दुसरी अर्धी गाव सांगे.

रजतला मात्र बापाइतकाही दिमाख नव्हता. त्याचं दुखणं निराळं होतं. घरात चांगली वस्तू आली की त्याला धडकीच भरे. ही आपल्याकडे टिकायची नाही, कोणाची तरी नजर लागणार, आपण कुठे एवढे मोठे, असं काहीबाही मनात येई. मग वरणाची बादली हातात घेऊन तो पंगतीतून फिरे, लोक पानावर हात आडवा धरून "बस बस, रजतभाऊ" म्हणत, आणि तेवढ्या वेळापुरता तो स्वतःला आवडे. एवढ्यासाठी हा सारा खर्च. बायकोच्या पाटल्या त्यातच गेल्या, मागच्या खोलीवरचा स्लॅब त्यातच गेला, आणि हे सगळं खाऊन गाव म्हणायचं, "रजतचं काही बस्तान बसून नाही राह्यलं, बाप्पा."

त्याची बायको निशिगंधा पुसदची. बाप कचेरीत कारकून, त्यामुळे पगाराच्या दिवशी महिन्याची वाटणी करायची आणि मगच चहा प्यायचा, अशा घरात ती वाढली. सासरी आल्यावर तिने वर्षभर सगळं नुसतं पाहिलं. मग एका उन्हाळ्यात तिने घरच्या वावरातली थोडी तूर बाजूला काढली, तेलपाणी लावून उन्हात वाळवली, जात्यावर भरडली आणि डाळ माहेरी पाठवली. तिची आई शोभाताई हिने ती कॉलनीतल्या शेजारणींना वाटली. दुकानातली चकचकीत डाळ खाऊन कंटाळलेल्या त्या नोकरदार बायका या डाळीवर तुटून पडल्या. हां हां म्हणता एवढी मागणी आली, की निशिगंधाच्या तळहातांना फोड आले तरी ती पुरी होईना.

तिला डाळीची मशीन हवी होती. फार मोठी नाही, घरच्या पडवीत बसेल अशी. गावात तशी मशीन नव्हती. प्रत्येकाला तूर घेऊन बाभुळगावला जावं लागे. मशीन आली की पुसदची कॉलनीही भागणार होती आणि गावाची तूरही त्याच पडवीत भरडली जाणार होती. निशिगंधाने दुसरं काही मागितलं नाही, साडीसुद्धा नाही. तिने रजतला एवढंच सांगितलं, "मशीन दारात येईपर्यंत रोडगे नाही. कबूल असेल तर मी रक्त आटवते. नसेल तर आत्ताच सांगा, मी जातं विकून टाकते."

रजतने कबूल केलं. आणि खरं ते खरं, त्याने वर्षभर पाळलंही. गाडीला चांगलं भाडं मिळालं तरी चूप. सोयाबीनला बरा भाव आला तरी चूप. पारावर कोणी "काय मंग रजतभाऊ, रोडगे कधी?" असं विचारलं, की तो तिथून उठायचा, पुढे पुढे तर पार टाळून शाळेच्या मागून घरी यायचा. पैसा साठत गेला. यवतमाळच्या दुकानदाराकडे मशीन ठरली, थोडी रक्कम आधी दिली, उरलेली रोख घेऊन शनिवारी मशीन उचलायची होती. तुरीचा हंगाम तोंडावर होता. दुकानदाराने सांगून ठेवलं होतं, की एकच नग उरलाय आणि लोक मागतायत, म्हणून शनिवार चुकवू नका.

त्याच आठवड्यात शोभाताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि निशिगंधा पुसदला गेली. जाताना तिने कपाटाची किल्ली रजतच्या हातात दिली. वर्षभर माणूस सरळ वागला होता, तिला विश्वास वाटला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण तिला काय माहीत नव्हती? पण नवऱ्याला कायम कुत्रं समजून संसार करता येत नाही.

गुरुवारी बबनरावांनी विषय काढला.

"मशीन येऊन राह्यली म्हनते. मंग मारोतीचं काय?"

"मारोतीचं काय, बाबा?"

"मी नवस बोललो होतो. पोराच्या घरी मशीन आली त गावाले रोडगे."

"कधी बोलले? मले त सांगतलं नाही तुम्ही."

"देवासंग बोलाले तुह्यी परवानगी लागते काय?"

 नवस खरा होता की थेरड्याने त्याच क्षणी जुळवला, ते मारोतीलाच ठाऊक. पण मशीनचं नाव निघालं तसं रजतचं ते जुनं भय जागं झालं. एवढी मोठी वस्तू, आणि देवाला काहीच नाही? मोटर जळली तर? कोणाचा हात पट्ट्यात गेला तर? संध्याकाळी तो बऱ्याच दिवसांनी पारावर गेला. तिथे पूनमसिंग भेटला. तो लहानपणापासूनचा दोस्त, तांड्यावर राहायचा, आणि आजवर रजतची एकही पंगत त्याने चुकवली नव्हती.

"ये मालक," पूनमसिंग म्हणाला. "आता तू मशीनवाला झाला गड्या. मालक लोकं काही जेवू घालत नसते. आम्ही समजतो."

"कोन म्हनते जेवू घालत नाही?"

"मी कुठं काही म्हनून राह्यलो? तुह्या घरात आता वहिनीचं चालते. चांगलं हाय ना."

बस. झालं. वर्षभराचा निग्रह तेवढ्या एका वाक्यावर आडवा झाला. "पाच-पन्नास लोकं त मी उभ्या उभ्या जेवू घालीन," रजत म्हणाला, आणि ते सगळ्या पाराने ऐकलं. तो शुक्रवारी कपाटातून थोडेच पैसे काढणार होता. दुकानदार ओळखीचा झालाय, थोडे मागाहून दिले तरी मशीन देईल, शनिवार नाही तर सोमवार, असा त्याने मनाशी हिशेब जुळवला. मग पन्नासचे दीडशे झाले. तांडा आला म्हणजे पलीकडची वस्तीही आली. तूप कमी पडलं तर बबनरावांची लाज जाते, म्हणून डबा वाढला. किल्ली कपाटालाच लटकत राहिली, कारण सारखी काढून घालायचा कंटाळा आला.

शनिवारी दुपारी पहिली पंगत बसली तेव्हाच निशिगंधा ऑटोतून उतरली. आईला बरं होतं, म्हणून ती मशीन पाहायला घाईने परत आली होती. तिला लांबूनच धूर दिसला. तिने काय ते ओळखलं असणार, पण पिशवी घेऊन ती सरळ रजतपाशी आली.

"मशीन कुठे आहे?"

"सोमवारी जातो ना," रजत म्हणाला. हातात वरणाची बादली होती. "त्याले फोन केला मी. थांबतो म्हने तो." फोन त्याने केलेला नव्हता.

"किती उरले?"

तो बादलीतलं वरण ढवळू लागला. ती ओरडेल, रडेल, बादली लाथाडेल, असं त्याला वाटलं. तिने पिशवी पारावर ठेवली, पदर खोचला आणि बादली त्याच्या हातातून घेतली.

पंगतीच्या पहिल्या पानापासून तिने सुरुवात केली. "काकाजी, घ्या. हा पट्टा." पळीभर वरण रोडग्यावर पडलं. पुढच्या पानावर, "ही चाळणी, भाऊ. सावकाश जेवा." त्याच्या पुढच्याला, "हा रोलर. जड आहे, चावून खा." म्हातारे गोंधळून एकमेकांकडे पाहू लागले. पूनमसिंगच्या पानापाशी ती थांबली.

"वहिनी, काय म्हनून राह्यल्या तुम्ही?"

"तुमच्या पानावर माझ्या मशीनची मोटर आहे, भाऊजी. गरम आहे तोवर खा."

सगळ्या पंगतीचे हात पानांवर अडले. रजत लाजेने मेल्यासारखा उभा होता, पण त्या लाजेतही त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. आता कोणीतरी उठेल. कोणी म्हणेल, पोरी, आम्हाले माहीत नव्हतं. एक जण जरी पानावरून उठला असता तरी रजतने त्याचे पाय धरले असते.

पंगतीतच बसलेल्या बबनरावांनी रोडगा वरणात कुस्करला, घास तोंडात टाकला, डोळे मिटून चावला.

"मोटर बरी शिजली," ते म्हणाले. "पट्टा जरासा चिवट हाय. सूनबाई, मले आनखी एक पट्टा वाढ."

आधी एक जण हसला, मग पाचसहा, मग सगळी पंगत. "वहिनी, इकडे दोन नटबोल्ट!" "मले पंखा वाढा ना, लय उकडून राह्यलं!" "अन् त्या मशीनचं बिल कोनाले वाढता?" मागे दुसऱ्या पंगतीसाठी थांबलेल्या बायकासुद्धा पदर तोंडाशी धरून हसत होत्या. निशिगंधा थांबली नाही. जो जे मागेल ते तिने नाव घेऊन वाढलं, बादली रिकामी होईपर्यंत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मग तिने वळून रजतकडे पाहिलं, आणि तेव्हा रजतला कळलं, की आपणही हसतोय. सगळे हसत होते म्हणून त्याचेही ओठ फाकले होते.

त्या दिवशी कोणीच पानावरून उठलं नाही. उलट नेहमीपेक्षा जास्त खाल्लं गेलं, कारण जेवणाला मजा आली होती.

सोमवारी रजत उरलेसुरले पैसे घेऊन यवतमाळला गेला. मशीन मुकुटबनच्या एका गड्याने शनिवारीच रोख मोजून उचलली होती, आणि नवा माल हंगाम संपल्यावर येणार होता. तो घरी आला तेव्हा निशिगंधाने ताट वाढलं. ताटात शनिवारचा रोडगा होता. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. रोडगे दगडासारखे झाले, पुढे त्यांवर हिरवे ठिपके दिसू लागले.

"हे काय वाढून राह्यली?"

"मशीन आहे," ती म्हणाली. "एवढी महागाची वस्तू टाकून कशी द्यायची?"

आणि रजतने ते खाल्लं. शेवटचा रोडगा संपेपर्यंत खाल्लं, रात्री ओकला, सकाळी पुन्हा ताटावर बसला. बबनराव मधल्या खोलीतून पाहत होते; त्यांना ताजी भाकर मिळत होती, त्यांची काही तक्रार नव्हती. तो हंगाम निशिगंधाने जात्यावरच काढला. निम्म्या कॉलनीने दुसरीकडून डाळ घेतली आणि शोभाताईंना शेजारणींची बोलणी खावी लागली.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. रजतची जिवंतपणी गेली. पण घरात घूस शिरली म्हणून घरच जाळावं, तशातली गत झाली. पंगतीचं नाव त्याने टाकलं. मग लग्नाला जाणं टाकलं, मयतीला जाणं टाकलं. पूर्वी रस्त्यात कोणी हात केला की गाडी थांबायची. आता आधी भाडं, मग दार. त्या पावसाळ्यात पूनमसिंगची आई रुपीबाई तापाने फणफणली. पूनमसिंग तिला पाठीवर घेऊन रजतच्या दारात आला, यवतमाळच्या दवाखान्यात न्यायला.

"पैसे?" रजतने विचारलं.

"देतो ना गड्या. कुठं पळून जाऊन राह्यलो काय?"

"पहिले दे."

भर पावसात पूनमसिंग तांड्यावर परत गेला, चार घरं फिरून पैसे आणले. तेवढा वेळ म्हातारी पडवीत कण्हत पडली होती. रजतने नोटा मोजल्या, एक फाटकी निघाली ती बदलून मागितली, मग गाडी काढली. निशिगंधाने हे दारातून पाहिलं. म्हातारी वाचली, म्हणून गावात त्याची फार वाच्यता झाली नाही. रात्री निशिगंधा म्हणाली, "तिचे तरी नंतर घेतले असते." रजतने विचारलं, "मशीन पाहिजे ना तुले?" तिला मशीन हवीच होती. 

पुढच्या हंगामाला मशीन आली. स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या पैशाने, कोणाचं मिंधं न होता. रजतने ती पडवीत बसवली, आणि फोलपट बाहेर फेकणारं तोंड अंगणाच्या बाजूला ठेवलं. मेकॅनिक म्हणाला, मागे परसात ठेवा, अंगणात कचरा होईल. रजत म्हणाला, इकडेच ठेव.

वार शनिवार होता. निरोप कोणी दिला नव्हता, पण मशीन आलेली सगळ्यांनी पाहिली होती आणि सवय कोणाला सुटते? दुपारी एकेक जण अंगणात येऊन टेकू लागला. पारावर धूर नाही, हे त्यांना दिसत होतं, तरी बसले. बबनराव आतून आपलं ताट घेऊन आले आणि अंगणाच्या मधोमध मांडी घालून बसले. गेल्या वर्षात म्हातारा खंगला होता. घरात त्यांच्याशी कोणी बोलत नसे.

"रजत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या घरात मशीन आली अन् लोकं उपाशी गेले, असं माह्या जित्या जिवात होनार नाही. चुलीवर काही तरी ठेव. खिचडी ठेव. तोवर मी उठत नाही."

रजतने पहिलं पोतं ओतलं आणि बटन दाबलं.

मशीन घरघरली. मग तुरीचं फोलपट आणि बारीक पिवळी धूळ भसकन अंगणात आली. लोक खोकत, डोळे चोळत उठले. कोणी शिव्या दिल्या, कोणी शापही दिला, पण मशीनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. हां हां म्हणता अंगण रिकामं झालं. बबनराव तेवढे बसून राहिले. धूळ त्यांच्या भुवयांवर बसली, टोपीवर बसली. समोरचं ताट फोलपटाने भरलं. त्यांना खोकल्याची उबळ आली, पुन्हा आली, आणि मग छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येऊ लागला. तरी म्हातारा ताटावरून उठला नाही. आयुष्यात तो एवढं एकच शिकला होता.

निशिगंधा पडवीच्या खांबाला धरून उभी होती. "बंद करा," ती ओरडली. "मामाजींना दम लागलाय!"

रजत तूर ओतायच्या हॉपरवरून वळला नाही. पोतं संपत आलं होतं.

"दुसरं पोतं दे," तो म्हणाला.

तिने अंगणाकडे पाहिलं. मग खाली टोपल्यात पडणारी डाळ पाहिली. एकसारखी, पिवळीधमक, एकही पाकळी चुरलेली नाही. इतकी वर्षं जात्यावर रक्त आटवूनही अशी डाळ तिच्या हातून कधी पडली नव्हती. आता रजत वळून तिच्या तोंडाकडे बघत होता. ती आणखी एकदा नाही म्हणाली असती, तर त्याने बटन बंद केलं असतं, म्हाताऱ्याला उचलून आत नेलं असतं, पाणी पाजलं असतं. त्याला ते करायचं होतं. कोणीतरी नाही म्हणावं, एवढीच तो वाट पाहत होता.

निशिगंधाने दुसऱ्या पोत्याची सुतळी सोडली.